२४–७० लेन्सबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

आपण आमच्याकडून २४–७० मिमी एफ/२.८ ही फुल-फ्रेम (म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या ३६ × २४ मिमी सेन्सरसाठीची) लेन्स भाड्याने नेलीत आणि परत केल्यावर दोन तारे देऊन, फोटो जोडून, सविस्तर अभिप्राय लिहिलात. आपले आक्षेप चार आहेत. लेन्स २४ वर ठेवूनही खोलीतला ग्रुप फोटो मावला नाही आणि कडेची दोन माणसे कापली गेली. आपल्याच १८–५५ किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सने) २४ वर अगदी तेवढेच दृश्य टिपले. पार्श्वभूमी आमच्या पानावरच्या नमुन्यांइतकी धूसर झाली नाही. आणि ७० वर काढलेला एक फोटो मोठा करून पाहिल्यावर मऊ, म्हणजे कमी धारदार, दिसला. आपल्या कॅमेऱ्यासारख्या क्रॉप, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, सेन्सरवर ही लेन्स ‘निम्मी वाया जाते’, म्हणून पानावर तिची रेंज दीडपट करून ३६–१०५ अशी लिहावी, क्रॉप कॅमेरा असलेल्यांना फुल-फ्रेम लेन्स देऊच नयेत आणि आपले भाडे परत करावे, असे आपले म्हणणे आहे.

भाडे परत करता येणार नाही, हे आधीच सांगतो. परत आलेली प्रत्येक लेन्स आम्ही फुल-फ्रेम आणि क्रॉप अशा दोन्ही बॉडींवर लावून पाहतो. ही लेन्स २४, ५० आणि ७० या तिन्ही ठिकाणी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राला; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत व्यवस्थित आहे. मात्र ‘लेन्स ठीक आहे’ एवढे सांगून विषय संपवणे आपल्या सविस्तर अभिप्रायाला शोभणार नाही, म्हणून बाकीचे सविस्तरच लिहितो.

लेन्स सदोष नाही याचा सर्वांत चांगला पुरावा खरे तर आपल्याच दुसऱ्या आक्षेपात आहे. आपली किट लेन्स खास क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली आहे, तरीही तिने २४ वर आमच्या लेन्सइतकेच दृश्य दाखवले, कारण दोन्ही लेन्सवर कोरलेला आकडा ही त्या लेन्सची खरी फोकल लेंथ (प्रतिमा किती मोठी पडेल हे ठरवणारे मिमीतले अंतर) असते आणि ती मागच्या सेन्सरप्रमाणे बदलत नाही. दीडपटीचा हिशेब, म्हणजे क्रॉप सेन्सरवरचे अरुंद दृश्य फुल-फ्रेमच्या भाषेत सांगायला फोकल लेंथ दीडने गुणणे, फक्त फुल-फ्रेम लेन्सलाच लागतो हा समज आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. तो हिशेब लावायचाच असेल तर १८–५५ लाही लावावा लागतो, आणि मग ती फुल-फ्रेमच्या भाषेत २७–८२ होते.

बदलते ते एवढेच: फुल-फ्रेम लेन्स ४३.३ मिमी कर्णाचा सेन्सर झाकेल एवढे वर्तुळाकार चित्र पाडते, आणि आपल्या बॉडीतला २३.५ × १५.६ मिमीचा सेन्सर त्यातला मधला भाग उचलतो. भिंतीवर पडलेल्या प्रोजेक्टरच्या चित्रात मधोमध एक लहान पांढरा पुठ्ठा धरला, तर पुठ्ठ्यावर चित्राचा तुकडा दिसतो, पण त्या तुकड्याची चमक कमी होत नाही. ३६ × २४ च्या तुलनेत आपला सेन्सर क्षेत्रफळाने सुमारे ४२ टक्के आहे, म्हणजे आपले ‘निम्मी वाया’ हे शब्द तसे सौम्यच म्हणायचे. परंतु बाहेर पडणारा प्रकाश आपल्या वाट्यातून वजा झालेला नाही. एफ/२.८ ला जो शटर स्पीड फुल-फ्रेमवर येतो, तोच त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) आपल्या बॉडीवरही येतो.

आता ग्रुप फोटोकडे येतो. आपण साधारण तीन मीटरवर उभे होता असे लिहिले आहे. त्या अंतरावर २४ मिमी लेन्स आपल्या सेन्सरवर सुमारे २.९ मीटर रुंदीचे दृश्य घेते, तर फुल-फ्रेमवर हीच रुंदी ४.५ मीटर होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला अर्धा मीटर जागा धरली, तर आपल्या चौकटीत पाच-सहा माणसे मावतात आणि आठांच्या रांगेतली टोकाची दोन-तीन सुटतात. आपल्या फोटोत नेमके तेच झाले आहे. फुल-फ्रेमइतकी रुंदी मिळवायची, तर आपल्याला मागे सरकून ४.६ मीटर अंतरावर उभे राहावे लागले असते, आणि आपल्या पाठीशी भिंत होती. गंमत म्हणजे आपली किट लेन्स त्या क्षणी बॅगेत होती. ती १८ वर ठेवली असती, तर त्याच जागेवरून ३.९ मीटर रुंदी मिळाली असती आणि बहुधा सगळे मावले असते.

वाइडची, म्हणजे रुंद दृश्य टिपण्याची, ही अडचण डिजिटल एसएलआरच्या सुरुवातीपासूनची आहे. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९५९ चा आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. दोन्ही फिल्मच्या ३६ × २४ चौकटीसाठी आखलेले. १९९९ मध्ये निकॉन डी१ लहान सेन्सर घेऊन आला, तेव्हा घरात असलेल्या बहुतेक लेन्स त्यावर चालल्या, पण वाइड लेन्स वाइड राहिल्या नाहीत. २००३ मध्ये निकॉनने लहान सेन्सरसाठी डीएक्स लेन्स आणल्या, त्यातली पहिली १२–२४ मिमी होती. कमतरता कुठे आहे हे बनवणाऱ्यांनाही चांगलेच ठाऊक होते.

मग किट लेन्स असताना ही जड लेन्स नेऊन मिळाले काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. २४ वर फारसे काही नाही, हे मी मान्य करतो. तिथे किट लेन्सचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ/४ च्या आसपास असते, म्हणजे फरक साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा. खरा फरक दुसऱ्या टोकाला आहे. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या वर उघडत नाही, आणि एफ/५.६ ते एफ/२.८ हे अंतर दोन स्टॉपचे, म्हणजे चौपट प्रकाशाचे आहे. ज्या खोलीत किट लेन्सला १/३० सेकंद लागले असते, तिथे या लेन्सने १/१२५ ला काम भागवले. आपण जोडलेल्या दुसऱ्या फोटोत टाळी वाजवणाऱ्या मुलीची बोटे एकेक मोजता येतात. १/३० ला तिथे पंजाच्या जागी नुसता पुसट पट्टा आला असता.

पार्श्वभूमीबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे. आमच्या पानावरचे नमुने फुल-फ्रेम बॉडीवर काढलेले आहेत आणि तसे प्रत्येक फोटोखाली लिहिलेले आहे. चेहऱ्याची चौकट तेवढीच ठेवायला आपल्याला दीडपट लांब उभे राहावे लागते, आणि लांब गेले की पार्श्वभूमी कमी धूसर होते. धूसरपणापुरते बोलायचे तर आपल्या बॉडीवरचे एफ/२.८ हे फुल-फ्रेमवरच्या जवळजवळ एफ/४ सारखे दिसते.

मऊ दिसणाऱ्या फोटोची मात्र दोन वेगळी कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले कारण पिक्सेलचे. आपल्या बॉडीत २४ मेगापिक्सेल २३.५ मिमी रुंदीत बसवलेले आहेत, त्यामुळे एकेक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर तो ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपला सेन्सर त्याच काचेकडून दीडपट बारीक तपशील मागतो, आणि ३० सेंमी रुंद प्रिंट काढताना चित्र ८ ऐवजी जवळजवळ १३ पट मोठे होते. कोपऱ्यांचा मऊपणा आणि काळवंडलेल्या कडा सेन्सरच्या बाहेर राहतात हा फायदा खराच, पण केवळ मधला भाग वापरला म्हणून फोटो आपोआप अधिक धारदार येतो असे काही नाही. एक-दोन स्टॉप बंद करून एफ/४ किंवा एफ/५.६ ला ही लेन्स आपल्या बॉडीवर अधिक स्वच्छ दिसते.

दुसरे कारण हाताचे आहे. आपल्या फोटोच्या नोंदीत ७० मिमी आणि १/६० सेकंद असे दिसते. हातात धरून काढताना फोकल लेंथला दीडने गुणून येणाऱ्या आकड्याइतका, म्हणजे इथे किमान १/१०५, व्यवहारात १/१२५ शटर स्पीड ठेवावा. आपल्या किट लेन्समध्ये कंपन सावरणारी यंत्रणा आहे, या लेन्समध्ये नाही आणि तसा उल्लेख तिच्या पानावर आहे. आपला फोटो मोठा करून पाहिला, तर सर्व ठळक बिंदू एकाच दिशेला किंचित ओढलेले दिसतात, जे काचेच्या दोषाने होत नाही.

आता आपल्या मागण्या. पानावर ३६–१०५ असे आम्ही लिहिणार नाही, कारण हीच लेन्स फुल-फ्रेमवालेही नेतात आणि त्यांच्यासाठी तो आकडा खोटा ठरेल, दीडऐवजी १.६ पटीच्या क्रॉप बॉडीवर तर तो पुन्हा बदलेल. त्याऐवजी आजपासून प्रत्येक लेन्सच्या पानावर तीन मीटर अंतरावर मिळणारी दृश्याची रुंदी दोन्ही सेन्सरसाठी मीटरमध्ये दिली आहे. क्रॉप बॉडीवाल्यांना फुल-फ्रेम लेन्स नाकारण्याची मागणी मात्र आम्हाला अजिबात पटत नाही. ३०० मिमी एफ/४ लेन्सच्या प्रकाशमार्गाचा व्यास सेन्सर कोणताही असला तरी ७५ मिमी लागतो, त्यामुळे अशी लेन्स लहान सेन्सरसाठी वेगळी बनवून फारसे काही वाचत नाही. उलट पक्ष्यांचे फोटो काढणारे ती मुद्दाम क्रॉप बॉडीवर लावतात. अडचण वाइडच्या बाजूला आहे, टेलेच्या (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सच्या) नाही.

पुढच्या वेळी खोलीतल्या कार्यक्रमासाठी १७–५० किंवा १७–५५ एफ/२.८ जातीची, क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेली लेन्स मागावी. तीन मीटरवर तिची रुंदी ४.१ मीटर भरते आणि प्रकाश या लेन्सइतकाच मिळतो. प्रकाश फारच कमी असेल, तर सिग्माची १८–३५ एफ/१.८ आहे, पण ती ३५ ला संपते आणि वजनाला ८१० ग्रॅम आहे. आरक्षणाच्या अर्जात ‘कॅमेरा बॉडी’ या रकान्यात आपण केवळ कंपनीचे नाव लिहिले होते. तिथे पूर्ण मॉडेल लिहावे, कारण निकॉनच्या प्राथमिक श्रेणीतल्या काही डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर नसते आणि स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हाताने फोकस कराव्या लागतात.