कानाला दडे बसले की तेलाची पळी तापवू नका

पाऊस सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "कानाला दडे बसलेत, काय करू?" उत्तरही ठरलेलं. लोखंडी पळीत खोबरेल, त्यात लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, कोमट झालं की कानात थेंब आणि वर कापसाचा बोळा. सांगणाऱ्यांची माया मला कळते. पण हा सरसकट सल्ला आता थांबायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी कान कशानं बंद झालाय ते बघा. सर्दी झाली असेल किंवा घाट उतरत असाल, तर अडचण पडद्याच्या पलीकडे असते. मधल्या कानातून नाकाच्या मागे घशात उतरणारी एक बारीक नळी आहे. आवंढा गिळला, जांभई दिली की ती क्षणभर उघडते आणि हवेचा दाब सारखा होतो. सर्दीत ती सुजते. बाहेरून घातलेलं तेल पडदा ओलांडून तिथं पोचतच नाही, कितीही लसूण कढवा! पाचगणीकडे चढताना आतली हवा आपसूक निघून जाते; पसरणीच्या घाटातून वाईकडे उतरताना मात्र नळी उघडावी लागते. म्हणून उतरताना तोंडात आलेपाकाची वडी ठेवा, चघळा, गिळत राहा. तान्हं बाळ असेल तर त्याला तेव्हा पाजा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकी फुंकर मारली तरी कान सुटतो. नाक वाहत असताना मात्र हे करू नका.

डोक्यावरून अंघोळ केली आणि कान गच्च झाला, तर बहुधा मळ पाण्यानं फुगलाय. इथे तेलाचं काम आहे, लसणाचं नाही. साधं खोबरेल, न तापवता, दोन-तीन थेंब घालून पाच मिनिटं कुशीवर पडायचं, असं तीन-चार दिवस. मळ मऊ होतो आणि जबडा हलेल तसा बाहेर सरकतो. कान वाहत असेल, ठणकत असेल, पडद्याला भोक असेल, तर थेंबभरही नको. आणि न्हाऊ घालताना तान्ह्या बाळाच्या कानात तेल सोडणं तर बंदच करा.

हेअरपिन, काडेपेटीची काडी, बड्स यांबद्दल काय बोलावं! मोठ्या माणसाच्या कानाची वाट जेमतेम अडीच सेंटिमीटर, पडदा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा. कोरल्यानं मळ आणखी आत ठासला जातो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सर्दी नाही, दुखणं नाही, आणि एकाच कानानं अचानक ऐकू येईनासं होतं, आत शिट्टी वाजत राहते. माणसाला वाटतं दडाच बसलाय, आणि आठवडा तेलात जातो. हा कानाच्या नसेचा आजार असू शकतो. त्यावरचे स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके चांगले लागू पडतात. तोंड मिटून "हं" असा लांब हुंकार काढून बघा. बंद कानात तो मोठा घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानात मोठा घुमला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि ऐकू येणं एकाएकी खूपच कमी झालं असेल, तर हुंकार कुठेही घुमो, जाच.