‘किमान’ या शब्दाचा राग

आज भाचीच्या शाळेत पालकसभा होती. भाऊ कारखान्यावर अडकला म्हणून मी गेले. नववीला कुठला विषय घ्यायचा ते विचारायला बोलावलं होतं. शाळेत नेहमीच्या एका विषयाऐवजी आयटी किंवा रिटेल घेता येतं. आमच्या पोरीला आयटी हवंय. शिकवणारी मॅडम समजावून सांगत होती, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "असले विषय ज्यांना गणित जमत नाही त्यांच्यासाठी असतात. आमच्या मुलाला नको." चारपाच जण हसले. मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग तिनं काही सांगितलंच नाही, नुसते फॉर्म वाटले.

तेव्हापासून डोकं ठणकतंय. सभेत बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी एमसीव्हीसीची विद्यार्थिनी. किमान कौशल्य अभ्यासक्रम. १९८८ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाला, पुढं त्याचं नावही बदललं. पण आमच्या वेळी ‘किमान’च होतं. दहावीला ५८ टक्के पडले आणि मी अकरावीला मार्केटिंग अँड सेल्समनशिप घेतलं, तेव्हा आमच्या एका नातेवाइकांनी घरी येऊन अण्णांना सांगितलं, "किमान म्हणजे कमीत कमी. पोरगी कमीत कमी शिकणार." अण्णा काही बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. त्या एका शब्दाचा राग अजून गेलेला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या साखर पेठेत घरातच दोन यंत्रमाग, व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर चादरी विणायचे. आई विड्या वळायची. अण्णांना तेलुगू वाचता यायचं, मराठी अडखळत. दर शनिवारी व्यापारी चिठ्ठी द्यायचा. किती नग, किती मजुरी, डागी, म्हणजे विणीत दोष राहिलेल्या नगांचे किती कापले. अण्णा ती चिठ्ठी दाराच्या चौकटीवरच्या तारेला टोचून ठेवायचे. कधी वाचली नाही. चिठ्ठी टोचली की हिशोब संपला.

२००० साल, अकरावी संपत आली होती. कॉलेजात सरांनी बिल, पावती, नावे-जमा शिकवलं होतं. दिवसभर काम करून घरी बसलेल्या आईशेजारी मी ती तार उतरवली आणि सहज आकडे मांडायला लागले. दोन महिन्यांत १३ डागी नग. प्रत्येकी २४ रुपये शनिवारच्या चिठ्ठीत कापलेले, आणि महिन्याच्या बेरजेत तेच परत कापलेले. ३१२ रुपये. मी तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा आईला म्हटलं, "तू मोज." आई विड्या मोजायची तशी बोटांच्या पेरांवर मोजत गेली आणि तिचाही आकडा तोच आला.

थोडं शांत होऊन पुढचं लिहिते.

आपलं सोलापूर. इथं कुणाला सांगायला नको की आपल्याला माल बनवता येतो. चादर, टॉवेल, आता शाळांचे गणवेश. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून जागोजागी विकला जातो आणि आपण बघत बसतो. विणणाऱ्याच्या घरातली किती पोरं स्वतःचं बिल बनवू शकतात? किती जणांना फोनवर आपल्याच चादरीचा फोटो काढून, दर लावून, गिऱ्हाईक आणता येतं? आणि इथंच कुणीतरी म्हणतं की हे शिकणं हुशार पोरांचं काम नाही!

बारावीचं आयटीचं पुस्तक या लोकांनी उघडून तरी बघितलंय का? त्यात वेबसाइट बनवणं आहे, त्यासाठी लागणाऱ्या जावास्क्रिप्ट, पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषा आहेत, सर्च इंजिनमध्ये आपलं पान वर कसं आणायचं ते आहे, ई-कॉमर्स आहे. परीक्षासुद्धा कॉम्प्युटरवर बसून द्यायची. गणित जमत नाही म्हणून घ्यायचा विषय म्हणे. पोरानं एक कंस चुकवला की कधी अख्खं पानच उघडत नाही, तिथं घोकंपट्टी कामाला येत नाही.

हो, आयटी घेतलं की अकरावी-बारावीला बऱ्याच पोरांचं मराठी सुटतं. हे मला पटत नाही आणि त्यासाठी भांडायला मी तयार आहे. कित्येक शाळांत कॉम्प्युटरवर धूळ असते, हेही खरं. आणि गरिबाच्याच पोरांना कामाला का जुंपता, हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कळतं. पण मग शिकवूच नका, हे त्याचं उत्तर कसं होईल? सगळ्यांना शिकवा ना! २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच सांगितलंय. डॉक्टरच्या पोरालाही शिकवा. त्याला काही दवाखान्याचं बिल करावं लागणार नाही?

परत त्या मॅडमवर येते. हे विषय शिकवणारे बहुतेक कंत्राटावर असतात, एजन्सीमार्फत. कायम शिक्षकांसारखा पगार नाही, सभेत खुर्चीही शेवटची. आणि वरून पालक हसणार. मला कॉलेजातले सर आठवले. तेही असेच तासाच्या हिशोबानं यायचे. नव्या पेठेतल्या एका दुकानात आम्हाला उभं करून त्यांनी शिकवलं होतं, "दर सांगायच्या आधी चादर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. वजन त्यालाच सांगू दे." मी आजही तसंच करते. माझ्या गाळ्यावर रोज तेच चालतं. सरांचं नाव कुठल्या कागदावर नाही.

त्या ३१२ रुपयांचं पुढं काय झालं ते राहिलंच. सोमवारी अण्णा मला घेऊन व्यापाऱ्याकडं गेले. मी तार हातात धरलेली, सगळ्या चिठ्ठ्यांसकट. अण्णा दारातच थांबले. मीच बोलले. घसा कोरडा पडला होता. व्यापारी चिठ्ठ्या बघत राहिला, मग मुनीमजीला म्हणाला, "देऊन टाक." माफी नाही, काही नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी मला शेंगा घेऊन दिल्या आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी चिठ्ठी आली ती तारेला टोचायच्या आधी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. नंतर दर शनिवारी ठेवली, माझं लग्न होईपर्यंत.

वहिनी अजून मला समजावतेय, "आक्का, सायन्सला जायचं तर नववीला असलं कशाला?" तिला काळजी आहे, मी तिच्यावर चिडणार नाही. भाऊ हो म्हणालाय. उद्या अकरा वाजता मी पोरीला घेऊन फॉर्म द्यायला जातेय, आणि त्या मॅडमना सगळ्यांसमोर सांगणार आहे की तुम्ही शिकवा, आमची पोर पहिल्या बाकावर बसेल.

आत्ता भाची विचारत होती, "आत्या, डागी नग म्हणजे काय?" माळ्यावरून तार काढलीय. निम्म्या चिठ्ठ्यांची शाई उडाली आहे, पण २४ चा आकडा अजून वाचता येतो.