१२ तास म्हणे!! आणि शीचं काय?

पाकिटावर एवढ्या मोठ्या अक्षरात "१२ तास" छापणाऱ्या डायपर कंपन्यांचा मला इतका संताप आलाय ना की बस. अरे शू शोषेल तुमची ती जेल, मान्य, पण शी कुठे शोषली जाते? ती तशीच ढुंगणाला चिकटून राहते, तिच्यातले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, त्याने कातडीचा पीएच वाढतो, म्हणजे तिचा मूळचा आंबटपणा कमी होतो, आणि मग शीतलेच पचनाचे एन्झाइम त्या नाजूक कातडीवर अजून जोरात काम करतात, असा रॅश होतो. म्हणजे शी झाली की लगेच बदला, हे सगळ्यात महत्त्वाचं. ते कुठाय पाकिटावर? मागे, मुंगीएवढ्या अक्षरात.

वर ती डायपरवरची पिवळी पट्टी. ती निळी होते फक्त ओलीने. पाळणाघरातल्या ताई मला सांगतात, "अहो पट्टी पिवळीच आहे, अजून चालेल," आणि उघडून बघते तर मांडीपर्यंत शी पसरून सुकलेली. लेकरू पुसतानाही किंचाळत होतं. ताईंना काय बोलू, त्यांना जाहिरातीनेच शिकवलंय ना तसं.

आणि आमच्या इथे दुकानात बघावं तर सगळ्या पँट्सच, म्हणजे चड्डीसारखे चढवायचे डायपर, बाजूने चिकटवायचे टेपवाले मागितले तर ऑनलाइन बघा म्हणतात. कंबरेला गोल इलॅस्टिक, मांड्यांना इलॅस्टिक, आत उभी झालर, सगळी अक्कल गळती थांबवण्यात! जांघेत लाल वळ उठतात, तिथेच घाम, तिथेच घासतं. साइज किलोवर, आणि माझ्या बाळाच्या मांड्या भरलेल्या, मग काय करायचं आम्ही? बाहेरून हात लावला तर कापडासारखं मऊ, पण त्याच्या आत प्लॅस्टिकची फिल्मच असते. तिला बारीक छिद्रं असली तर वाफ बाहेर जाते, नसली तर ठाण्याच्या मे महिन्यात आत काय होत असेल विचार करा. "ब्रीदेबल" छापलं की झालं, किती ते कोण सांगणार?

सासूबाई म्हणतात लंगोट बरे होते. नाही हो आई, ओल्या लंगोटानेही रॅश यायचाच, जेलने कातडी जास्त कोरडी राहते हे खरंच आहे, म्हणून तर चीड येते, एवढं जमतं मग बाकीचं का नाही?

डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापायला सांगितलंय आणि रोज थोडा वेळ उघडं ठेवायला. घड्यांमध्ये लालभडक आणि बाजूला बारीक पुळ्या दिसल्या तर फंगल, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असू शकतो, तेव्हा नुसत्या झिंकवर थांबू नका, दाखवून या.

आणि तो सुगंध कशाला घालता त्यात?? कोणी मागितला होता?