आयता खड्डा, पण कचऱ्यासाठी?

बंद पडलेली दगडखाण दिसली की ‘खड्डा आयताच आहे, कचरा टाका’ ही सूचना हटकून पुढे येते. जागेची टंचाई पाहता हा मोह समजण्यासारखा आहे. पण दगड काढण्यासाठी सोयीचा असलेला आकार कचरा साठवण्यासाठी जवळपास सर्वांत गैरसोयीचा असतो, हे लक्षात घेतले जात नाही.

कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी जमिनीत उतरू नये म्हणून तळाची काळजी सगळेच घेतात. माझ्या मते खरी परीक्षा भिंतींची असते. सुरुंगांनी तडकलेल्या उभ्या कड्यावर चिकणमातीचा थर रोलरने दाबून बसवताच येत नाही, त्यामुळे तिथे प्लास्टिकचे अस्तर टांगावे लागते. आतला कचरा कुजत वर्षानुवर्षे खचतो आणि खचताना या अस्तराला खाली ओढतो. वरच्या काठाला जखडलेले अस्तर मग ताणले जाऊन फाटू शकते. म्हणून कचरा आणि अस्तर यांच्यामध्ये मुद्दाम सहज घसरणारा थर घालतात. गंमत म्हणजे उतारावर हाच निसरडेपणा घातक ठरतो. कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे (ती खाण नव्हती, पण धडा तोच) मार्च १९८८ मध्ये कचऱ्याचा प्रचंड ढीग अस्तराच्या थरांमधील निसरड्या सांध्यांवरून सुमारे १० मीटर सरकला.

पाण्याचा प्रश्न तितकाच चिवट आहे. खाण चालू असताना पंप अखंड चालतात, म्हणून तळ कोरडा दिसतो. उपसा थांबला की भूजल चढते आणि अस्तराला खालून उचलू पाहते. वर पुरेसे वजन पडेपर्यंत तरी पंप बंद करता येत नाहीत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ब्रिस्टल येथे चुनखडीच्या खाणीतील कचराभूमीत भूजलाचा शिरकाव, कचऱ्यातील अतिउष्णता आणि दुर्गंधी इतकी वाढली, की २०२२ मध्ये तिथे कचरा घेणे थांबवावे लागले.

उघड्या कोळसा खाणींत आणखी एक फसवी जागा असते. सैल टाकलेली भरावाची माती भूजल चढून भिजली की एकाएकी खचते, शेजारचा अखंड खडक मात्र हलत नाही. त्या दोहोंच्या सीमेवरून अस्तर नेले, तर ते नेमके तिथेच तुटण्याचा धोका असतो. जुन्या भुयारांची गोष्ट वेगळीच, ती आधी शोधून सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरावी लागतात.

अशा जागांना सरसकट विरोध करावा, असे मी म्हणत नाही. मात्र कचरा घेणे बंद झाल्यावर पंप किती दशके चालतील आणि त्यांचा खर्च कोण उचलेल, याची लेखी तरतूद असल्याशिवाय परवानगीचा अर्ज विचारातच घेऊ नये.