अहो, तो स्पीकर बंद करा!

म्युनिकच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, सकाळी सात वाजता टाचणी पडली तरी ऐकू येते. आणि तिथे आमचे एक मराठी बंधुराज व्हिडिओ कॉल लावून बसलेत. स्पीकरवर! पलीकडून आई विचारतेय, "पोट साफ झालं का रे?" अख्खा डबा माना वळवून बघतोय. भाषा कळत नसेल त्यांना, पण आवाज कळतो ना? मी आपला खिडकीबाहेर बघत, 'ह्यांना ओळखत नाही बुवा' असा चेहरा करून बसतो.

रात्री दहा ते सकाळी सहा इथे शांतता पाळतात. आमचे पाहुणे उठणार पावणेबाराला, वर जिन्यात पाऊण तास "बरं, येतो हं!" खालच्या आजीबाईंनी दारावर चिठ्ठी लावली, तर म्हणे रेसिस्ट! रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये खणाखण टाकू नका अशी पाटी असते. ती वाचायचीच नाही असा पण केलाय का? बेकरीच्या रांगेत हातभर अंतर दिसलं की घुसलेच!

आणि हेच महाशय गणपतीत "इथली शिस्त बघा, नाहीतर आपल्याकडे..." म्हणून तासभर व्याख्यान झोडतात. परवा झोडता झोडता फोन वाजला. घेतला. स्पीकरवर.