लसीच्या दिवशी बाळाचे डोळेही बघा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या आयांनी आणि आज्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. फोटोत फ्लॅशच्या उजेडाने बाळाची बाहुली पांढरी चमकली, किंवा एक डोळा तिरळा दिसायला लागला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा. कधी फोटोच्या कोनामुळे तसं दिसतं, कधी मोतीबिंदू निघतो (आणि तोही लवकर कळलेला बरा). पण कधी तो रेटिनोब्लास्टोमा असतो, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचा चवथीला माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या सजावटीखाली) फोटो काढला होता. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी. सगळ्यांनी तो पाहिला आणि मोबाइल चांगला नाही म्हणून सोडून दिला. पुढे डोळा तिरळा झाला, तर शेजारच्या बायका म्हणाल्या, तिरळी पोर नशीबवान असते. एका दवाखान्यात थेंब देऊन परत पाठवलं. देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाला कौल विचारला. त्याला माझा अजिबात विरोध नाही, पण कॅन्सर तेवढा वेळ थांबत नाही. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत डोळा वाचवण्यासारखा उरला नव्हता.

मग तिचा बाप अडला. पोरीचा डोळा काढला तर उद्या तिला कोण करून घेणार? त्याला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं की गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर डोळा काढून मूल वाचतं, कृत्रिम डोळा बसतो, मूल वाढेल तसा तो बदलतात. गाठ नसेतून मेंदूकडे गेली की सगळंच कठीण होतं. शेवटी त्याला हे समजावलं बालवाडीच्या बाईंनी. आज पोर त्याच बालवाडीत जाते.

लवकर कळलं तर बऱ्याचदा डोळाही राहतो. किमो, लेझर, गाठ गोठवण्याचे उपचार आपल्या देशात होतात. मुंबईला टाटा आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डाचा आधार आहे. पण बापाची बुडालेली रोजी, मुंबईतलं राहणं, घरी ठेवलेलं दुसरं मूल, हे कुठल्या कार्डावर बसत नाही. उपचार अर्धवट सुटतात ते इथे.

श्रीमंत देशांत या आजाराची 95 टक्क्यांहून जास्त मुलं जगतात. 153 देशांतल्या चार हजारांवर मुलांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात श्रीमंत देशांतल्या मुलांचं निदान साधारण 14व्या महिन्यात झालेलं होतं, गरीब देशांत 30व्या महिन्यात. आणि तोवर गरीब देशांतल्या जवळपास निम्म्या मुलांचा कॅन्सर डोळ्याबाहेर पसरलेला होता. श्रीमंत देशांत हे प्रमाण दीड टक्का! माझ्या मते मुलं मरतात ती या मधल्या सोळा महिन्यांत.

पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला हा आजार होतो. एवढ्याशा गोव्यात गावच्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत असं एकही मूल दिसणार नाही. म्हणून त्याच्या आठवणीवर विसंबून चालणार नाही, तपासणीच ठरलेली हवी. होंडुराससारख्या गरीब देशाने 2003 च्या सुमारास लसीकरण मोहिमेबरोबर या आजाराची माहिती घरोघर पोचवली. आधी 73 टक्के मुलं कॅन्सर डोळ्याबाहेर गेल्यावर येत होती, ते प्रमाण 35 वर आलं.

आपल्याकडे तर नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीला आणि दीड वर्षाच्या बूस्टरला जवळपास प्रत्येक बाळ येतं. अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्यात उजेड टाकून बघायच्या छोट्या उपकरणाने) दोन्ही बाहुल्या बघायला मिनिटभर लागतं. दोन्हीकडे सारखी लालसर चमक हवी. हे नर्सताईंना शिकवता येतं. डॉक्टर येईपर्यंत थांबायची गरज नाही.

घरात आधी कोणाला हा आजार झाला असेल, तर नवीन बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि पुढेही तपासत राहा. सुमारे 40 टक्के मुलांत दोष जनुकातच असतो, तो भावंडांत असू शकतो.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. आरोग्य केंद्रात लसीच्या दिवशी डोळ्यांची तपासणी, एवढी एकच मागणी. तुमच्या पंचायतीत कोणी मांडणार असेल तर मला कळवा, अर्ज मिळून लिहू.