नीट ऐक हं!

जॅझ नुसता ऐकून आमच्या भावोजींचं भागत नाही, तो कुणाला तरी ऐकवावा लागतो. ताईला अशा वेळी नेमकी कोथिंबीर आणायची आठवण होते. उरतो मी.

"नीट ऐक हं," म्हणत ते अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड लावतात. बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०, गाणं 'मॅक द नाइफ'. मूळ जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइलच्या नाटकातलं, म्हणजे पुलंनी ज्यावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला त्यातलं. हे मी उत्साहाने सांगायला गेलो, तर "मध्ये बोलू नकोस, मागे वाजणारा डबल बास ऐक."

बास ऐकत मांडीवर ठेका धरावा, तर भावोजी मनगटच पकडतात. "पहिल्या मात्रेवर नाही रे! दुसरी आणि चौथी!" उभा जन्म समेवर मान टाकण्यात गेलेला माणूस मी. दुसरी पकडेपर्यंत तिसरी निघून जाते.

तेवढ्यात बाई षड्जच वर सरकवतात. मग पुन्हा. आमच्या मैफलीत तंबोरा केसभर उतरला तरी गवई मागे वळून असं पाहतो की शिष्याने घराणंच सोडावं. इथे आख्खा सा हलतो आणि टाळ्या पडतात!

"आता कान दे," भावोजी कुजबुजतात. पुढचे शब्द बाई साफ विसरतात. शब्द आठवतील अशी आशा करू या, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलेलं असतं. पण थांबतात कुठे? आपण विसरलोय हेच त्या चालीत बसवून गातात, हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं ओवतात, वर आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाजही काढून दाखवतात. ताल जागचा हलत नाही. या विसरण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. मला शाळेत पाचव्या कडव्याला विसरल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं.

मी पहिल्यांदाच मनापासून "वा!" म्हणतो. भावोजी ताबडतोब गाणं थांबवतात.

"वा कशाला? त्या 'वा'खाली ड्रम्स गेले की! गस जॉन्सन वाजवतोय तिथे. चल, पहिल्यापासून."

मी ताईला फोन लावतो, कोथिंबिरीबरोबर आणखी काय काय आणायचंय ते विचारायला.